रेकॉर्ड रूममधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. मी सांगलीच्या गावभागातली, उन्हाळ्यात कोर्टात माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल मागायला आलेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमची ट्रंक पाण्याखाली होती. घर उघडलं तर माझा हुकूमनामा हातात लगदा होऊन आला. शिक्क्याचा तेवढा जांभळा डाग उरला होता. गेला तर गेला म्हटलं, कोणाला दाखवायचाय. यंदा लेकीचं बाळंतपण परदेशात. माहेरच्या नावानं पासपोर्ट काढायला गेले, तर पहिल्यांदा हाच कागद मागितला.

तुमच्याआधी तीन दारं झाली. एकानं दोन हजार घेतले आणि मग फोन उचलायचा बंद केला. दुसऱ्यानं "९८ सालात तुमचं नाव नाही" म्हणत रजिस्टर मिटलं. तिसरीकडे भरल्या व्हरांड्यात हाक आली, "घटस्फोटवाल्या बाई कोण?" सगळ्या माना वळल्या. इतकी वर्षं नोकरी केली, एकटीनं लेक वाढवली, तरी त्या क्षणी पायातलं बळ गेलं. काही न बोलता जिना उतरले. त्याच्यासाठी रोजचे शंभर कागद असतील. मला तो दिवस अजून विसरता येत नाही.

तुम्ही आधी बसायला खुर्ची दिलीत. मग विचारलंत, "निकाल अठ्ठ्याण्णवचा, पण अर्ज कधी टाकला होता?" दोघांच्या संमतीच्या अर्जाला तेव्हा सहा महिने थांबावंच लागायचं आणि रजिस्टर चालतं अर्ज दाखल झाल्याच्या सालावर. म्हणजे बघायचं ९७ मध्ये, आणि तेही नवऱ्याच्या नावावर, कारण अर्जात पहिलं नाव त्यांचं. एवढं साधं मला कोणी विचारलंच नव्हतं!

नंबर मिळाला, मग तुम्ही जुन्या कागदांचा बांधलेला रुमाल सोडलात. धूळ उडाली, तुम्हाला ठसका लागला, तरी एकेक कागद उलटत राहिलात. बोट एका पानावर थांबलं. टेबलाभोवती दोन वकील उभे होते, शिपाई होता. तो शब्द तुम्ही उच्चारलाच नाहीत. चिटोऱ्यावर नंबर लिहून माझ्यापुढं सरकवलात आणि हळू आवाजात म्हणालात, "हाच ना, ताई?"

काका, तिथंच मला रडू आलं. तुम्हाला वाटलं असेल, कागद सापडला म्हणून.

नक्कल द्यायच्या दिवशीही तेच. मजकूर आत जाईल अशी घडी, खाकी पाकीट, वर फक्त नंबर. आणि हाक मारलीत ती माझ्या माहेरच्या आडनावानं. अडलेल्या माणसाची लाज राखायचा कुणाला वेगळा पगार मिळत नाही. तरी तुमच्यासारखी माणसं ती राखतात, म्हणून आमच्यासारख्या बायका पुन्हा कोर्टाची पायरी चढू शकतात. तुमच्या घरच्यांना हे कुणी सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. त्यांना हे पत्र जरूर दाखवा.

पासपोर्ट मंगळवारी हातात आला. नक्कल आता प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, तुमच्या अक्षरातल्या त्या पाकिटासकट. चहाचे पैसे घेतले नाहीत तुम्ही. नातवंडाला बघून परत आले की भडंगाचा पुडा घेऊन येईन, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
ताई