बाबांच्या हातदुखीविषयी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर एमआरआयचा अहवाल वाचून दाखवताना आईचा आवाज कापत होता. फोन ठेवल्यावर मलाही चैन पडेना, म्हणून हे सावकाश लिहीत आहे.

बाबा, दुखतो तुमचा उजवा हात, पण दुखण्याचे मूळ मानेत आहे. मानेत सात मणके असतात आणि तेथून नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. अहवालात नोंदवलेल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधून निघणारी नस दंडातून अंगठ्यापर्यंत आणि तर्जनीपर्यंत जाते, आणि तुम्हाला मुंग्या येतात त्याही नेमक्या याच दोन बोटांना. फऱ्याजवळ पाठीत उठणारी कळही बहुधा तिथलीच आहे. आईने रोज रात्री मनगटाला तेल चोळल्याने तुम्हाला बरे वाटत असेल, पण दुखणे तिथे नव्हतेच.

‘गादी सरकली’ या शब्दांनी तुम्ही दोघेही घाबरला आहात. मणक्यांमधली गादी जागची हलत नाही. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला भाग मऊ असतो. वयानुसार तिच्यातले पाणी कमी होते, कड्याला चीर पडते आणि करंजीची कड उकलून सारण बाहेर यावे तसा आतला भाग बाहेर येऊन शेजारच्या नसेला दाबतो, तिला सूज आणतो. तो भाग शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेते, त्यामुळे बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत ओसरते. शिवाय अहवालातला प्रत्येक शब्द म्हणजे आजार नव्हे. काहीही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या कमरेच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या होत्या.

आई, बाबा रात्री डोक्यावर हात ठेवून बसतात ते तुला अशुभ वाटते आणि तू त्यांना हटकतेस. कृपा करून हटकू नकोस. हात वर घेतला की नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून ते आपसूक तसे बसतात. डॉक्टरांसाठीसुद्धा ही एक खूणच आहे. खरे सांगायचे तर ते सारखे तसे का बसतात, हे मी आधीच विचारायला हवे होते.

मात्र पकड सैल होऊन हातातला पेला सुटू लागला, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण तेव्हा दाब नसेपुरता न राहता मज्जारज्जूवर आलेला असू शकतो. हातदुखीबरोबर छातीत दडपण आले आणि घाम फुटला, तर मानेचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचे.

बाबा, तुम्हाला रक्तदाब आहे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावरही भार येतो. शेजारच्या काकांनी सुचवलेल्या माणसाकडून मान मोडून घेण्याचा विचारही सोडून द्या. उशी एकच आणि पातळ घ्या, पण दिवसभर पडून राहू नका, घरातल्या घरात हिंडत राहा.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येत आहे. दुपारी आपण तिघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ, तोवर मुंग्या कधी येतात आणि कशाने थांबतात, ते आईने कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

तुमची,
माई