बोत्स्वानाच्या ‘पुला’चीही दखल घ्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतील चलनांचा विषय निघाला की झिंबाब्वेची २००९ मधील १०० लाख कोटी डॉलरची नोट वृत्तपत्रांत हमखास झळकते; झिंबाब्वेच्या शेजारच्या बोत्स्वानाच्या ‘पुला’ या चलनाविषयी मात्र अवाक्षरही निघत नाही. ही उणीव मनापासून खटकते, म्हणून हे पत्र.

त्सवाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. कालाहारी वाळवंटाने देशाचा मोठा भाग व्यापलेला असल्यामुळे तिथे आशीर्वादही पावसाचाच देतात, सभेत लोक एकमुखाने ‘पुला!’ म्हणतात, आणि राष्ट्रचिन्हावरही हाच एक शब्द कोरलेला आहे. पुलाचा शंभरावा भाग थेबे, म्हणजे ढाल.

हा मुलूख १८८५ मध्ये बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेला आणि दहाच वर्षांत तो ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या हवाली करण्याचे घाटू लागले. तेव्हा खामा तिसरे, सेबेले आणि बाथोएन हे तीन स्थानिक जमातप्रमुख थेट लंडनला गेले, वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्यापुढे त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले, आणि रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी सोडून उरलेला प्रदेश कंपनीच्या घशातून वाचवला. आज १०० पुलाच्या नोटेवर हे तिघे शेजारी शेजारी दिसतात. तो मान त्यांचाच आहे.

तरीही कारभार चाले तो हद्दीबाहेरच्या, दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगहून, आणि पैसा दक्षिण आफ्रिकेचा, १९६१ पासून रँड. ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वातंत्र्य मिळाले, पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, पण रँडचा दर ठरे तो दक्षिण आफ्रिकेच्या राजधानीत, प्रिटोरियातच, वर्णभेदी सरकारच्या सोयीने. १९७४ मध्ये लेसोथो आणि स्वाझीलँड यांनी रँडशीच बांधून राहण्याचा रँड-क्षेत्राचा करार स्वीकारला. खामा तिसरे यांचे नातू असलेले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने मात्र वेगळी वाट धरली. १९७५ मध्ये बँक ऑफ बोत्स्वाना स्थापन झाली, २३ ऑगस्ट १९७६ रोजी एका रँडला एक पुला या दराने नवे चलन आले, आणि १०० दिवसांत रँड बाद झाला. समुद्रकिनारा नसलेल्या, आयातीसाठी दक्षिण आफ्रिकेवर अवलंबून असलेल्या देशाने हे पाऊल उचलायला मोठी हिंमत लागली असणार. माझ्या मते ही तारीख स्वातंत्र्यदिनाइतकीच मोलाची आहे.

हिऱ्यांची मागणी घटल्याने अलीकडे पुलावरही ताण आला आहे, तरी आज एका पुलाला एकाहून अधिक रँड मिळतात. आफ्रिकेच्या अर्थकारणावरील पुढील लेखात ही बाजूही सविस्तर यावी, अशी आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक