मँडोलिनची नखी वाद्य पाहून द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संगीतकार सज्जाद हुसेन आणि लक्ष्मीकांत कुडाळकर यांनी ज्या मुंबईत मँडोलिन वाजवले, तिथून जवळच असलेल्या पुण्यात आजही मँडोलिन घेणाऱ्याच्या हाती गिटारची पातळ नखी (तारा छेडण्याची छोटी चकती) ठेवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मीही पहिली दोन वर्षे दुकानातून मिळालेल्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या नखीवर काढली. मँडोलिनच्या जोडीने बसवलेल्या तारांवर ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर छेडणे, सुरू केला की ती वाकून मागे राही, सुराआधी तिचीच टकटक ऐकू येई आणि मी मात्र मनगटाला दोष देत बसे.

इलेक्ट्रिक मँडोलिनमध्ये चुंबकी पिकअप लाकडाचा नव्हे, तर पोलादी तारेच्या कंपनाचा विद्युतसंदेश करतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. त्यामुळे नखीची झिजलेली, खरबरीत कडाही तारेवरची खरखर होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. शिवाय अशा अनेक वाद्यांत तारा जोडीने नसतात. फेंडर या अमेरिकी कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या वाद्याला चारच एकेरी तारा होत्या, तर मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी पाच एकेरी तारांवर कर्नाटक संगीत वाजवले. एकेरी तारेसाठी, माझ्या अनुभवाने, सुमारे एक मिलिमीटर जाडीची, न वाकणारी आणि कडा गुळगुळीत घासलेली नखी उत्तम.

रेझोनेटर मँडोलिनची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात, वाद्यवृंदाच्या गलक्यात तंतुवाद्य ऐकू यावे म्हणून जॉन डोपयेरा यांनी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली अ‍ॅल्युमिनियमचा पातळ शंकू बसवण्याची रचना केली, आणि तीच पुढे मँडोलिनलाही आली. या शंकूमुळे सूर झटकन व मोठा उमटतो, पण वरच्या तारांवर तो कानात घुसतो. एका मित्राच्या धातूच्या मँडोलिनवर पातळ नखीने वरची तार छेडली, तेव्हा ताटावर चमचा आपटल्यासारखा आवाज आला. मग दीड मिलिमीटरची त्रिकोणी नखी घेऊन तिच्या टोकाऐवजी गोलसर कोपऱ्याने तीच तार छेडली, तर सूर भरीव होऊन खाली बसला. जुने वादक कासवाच्या कवचाच्या नखीची वाखाणणी करतात, परंतु त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सेल्युलॉइड, नायलॉन वा डेल्रिन अशा प्लॅस्टिकच्या जाड नख्या सहज पुरेशा पडतात.

वाद्यविक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी वेगवेगळ्या जाडीच्या चार-पाच नख्या काउंटरवर ठेवाव्यात आणि ग्राहक जे मँडोलिन घेणार, त्याच्याच तारांवर त्या वाजवून पाहू द्याव्यात.

आपला विश्वासू,
एक मँडोलिनवादक, पुणे