सड्यावरची डबकी पडीक नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

रत्नागिरीकडे कातळाचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारं, सगळे पडीकच समजतात, पण जूनमध्ये या एकदा, वीतभर खोल डबक्यात बोटाच्या पेराएवढी पारदर्शक कोळंबीसारखी जीवं उलटी पोहताना दिसतील, त्यांची अंडी उन्हाळाभर तापलेल्या मातीत सुकी पडून असतात आणि पाणी लागलं की फुटतात! मग सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात. २०१७ च्या पाणथळ नियमांत तात्पुरतं पाणीसुद्धा पाणथळच धरलंय, तरी आमच्याकडे परवा डबकी मुरूम टाकून बुजवली, पार्किंगसाठी. पाणथळ जागांचा सर्व्हे मे महिन्यात केला तर कोरडा दगडच दिसणार ना? कृपया सर्व्हे पावसाळ्यातच करा, आणि डबक्यांची नोंद होईपर्यंत भराव थांबवा.

– एक वाचक, रत्नागिरी