दोन मार्ग, पण चर एकच

संपादक महोदय,

इंटरनेट ‘उपग्रहावरून येते’ हा समज सुशिक्षितांमध्येही पक्का आहे. प्रत्यक्षात देशाबाहेर जाणारी जवळपास सगळी माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून जाते आणि त्यांतल्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. आत केसासारखे बारीक काचतंतू, त्यांतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावणारा प्रकाश, आणि तो क्षीण होऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर प्रवर्धक. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हा भारताचे इंटरनेट रखडले खरे, पण बंद पडले नाही. कारण माहिती छोट्या पुडक्यांत (पॅकेट) विभागून जाते, प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, आणि एक वाट बुजली की जाळ्यांना जोडणारे राउटर एकमेकांना तसे कळवून, क्षमता शिल्लक असेल तर, वाहतूक दुसरीकडे वळवतात.

मात्र ती दुसरी वाट खरोखर वेगळी हवी. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गल्लीत गटारासाठी खोदकाम झाले, तेव्हा जेसीबीच्या एका फटक्यात मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही केबल तुटल्या, कारण दोन्ही एकाच चरात शेजारी-शेजारी होत्या. ताडपत्रीखाली बसलेला कारागीर रात्री उशिरापर्यंत एकेक तंतू सांधत होता. रस्ते खोदण्याची परवानगी देताना पर्यायी केबलचा मार्ग वेगळा आहे की नाही, हे नकाशावर तपासण्याची सक्ती पालिकेने करावी.

— एक वाचक, मुंबई