सड्याचा पावसाळा अहवालात यायचा असेल तर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोकणात प्रकल्पाची जनसुनावणी लागली की पर्यावरण अहवालावरून रान उठते. मात्र त्यातली माहिती कोणत्या महिन्यात गोळा केली, हे विचारणारा क्वचितच भेटतो. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली बहुतेक प्रकल्पांना एकाच ऋतूची पाहणी पुरते, तीही पावसाळा वगळून. हवेपुरते ते योग्यच आहे, कारण पावसात धूळ बसते आणि हवा आहे त्याहून स्वच्छ भासते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, मात्र याच नियमाने अनर्थ होतो. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या बोटभर मातीत दिपकाडीची पांढरी फुले येतात, मागून गेंद, आणि ‘सीतेची आसवे’ या रानफुलांनी सडा जांभळा होऊन जातो. दिवाळीनंतर उरते ते वाळके गवत. जानेवारीत गेलेल्याने ‘विशेष वनस्पती आढळल्या नाहीत’ असे लिहिले, तर त्याला तरी काय म्हणावे? सातबाऱ्यावरही अशी जमीन बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्यच असते.

वनस्पती ओळखणाऱ्याला अधिसूचना माहीत नसते आणि अधिसूचना जाणणारा भर जुलैत सड्यावर गेलेला नसतो. हे दोन्ही एकाच विद्यार्थ्याला शिकवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पुढे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला, पण पदव्युत्तर स्तरावर विज्ञान एका विभागात आणि धोरण दुसऱ्याच. आयआयटी मुंबईत सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी मिळते, हे चांगलेच आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किती मुलांना तिथवर पोहोचता येणार? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पर्यावरण विज्ञान आणि धोरण यांची एकत्रित पदवी आहे. तिथे प्रशासन शिकायला आलेल्यांनाही पहिल्या सत्रात परिसंस्थाशास्त्र, जलविज्ञान शिकावे लागते.

मुंबई विद्यापीठाने एम.एस्सी.साठी असा जोडअभ्यासक्रम आखावा, ही कळकळीची विनंती. कायद्याच्या एका पेपरच्या नोट्सवर भागणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरा अहवाल पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा, त्या जागेवर पावसाळ्यात जाऊन स्वतः नोंदी कराव्यात आणि सुनावणीत त्या लेखी मांडाव्यात. अधिसूचनेनुसार सुनावणीच्या सूचनेला किमान ३० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात गावकऱ्यांना अहवाल मराठीत समजावून सांगण्याचे काम याच मुलांना प्रकल्पकार्य म्हणून द्यावे आणि त्याला गुण ठेवावेत.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी