बिबट्याचे ठिपके आणि सोडून दिलेलं गणित

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बिबट्यांवरचा लेख मनापासून आवडला. 'प्रत्येक ठिपक्याची जागा जनुकांत लिहिलेली असते' हे वाक्य मात्र खटकलं. एकाच बिबट्याची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. म्हणून तर कॅमेरा ट्रॅपमधून (जंगलात लावलेल्या, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातून) त्याची ओळख पटवताना दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. जनुकं नियम ठरवतात, नक्षी त्या नियमांतून उमटते.

ती कशी उमटू शकते, हे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली गणितानं मांडलं. पाण्यात शाईचा थेंब पडला की पसरून सगळं सारखं होतं, त्यामुळे विसरण, म्हणजे असं पसरत जाणं, ही फरक पुसणारी गोष्ट, असं आपण धरून चालतो. ट्युरिंग यांनी दाखवलं ते नेमकं उलटं. दोन रसायनांची अभिक्रिया एरवी स्थिर असते, जरा ढळली तरी मूळपदावर येते. पण दोघांच्या पसरण्याच्या वेगात पुरेसा फरक असेल, तर पसरण्यामुळेच ती स्थिरता मोडू शकते. समजा, एक रसायन स्वतःला वाढवतं आणि दुसऱ्यालाही; दुसरं पहिल्याला दाबतं, शिवाय त्याच्याहून झपाट्यानं पसरतं. पहिल्यानं जिथे सहज उचल खाल्ली तिथे ठिपका धरतो, भोवती दाबाचं कडं पडतं आणि पुढचा ठिपका त्या कड्यापलीकडे.

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक पट्टेदार मांजर येते. मी मुलांना तिची शेपटी बघायला लावते: आडवी वलयं, थेट टोकापर्यंत. बिबट्याच्या अंगावर ठिपके, पण शेपटीच्या टोकाकडे तेही वलयांत मिसळतात. निमुळत्या जागेत दोन ठिपके शेजारी मावत नाहीत, एकच पट्टा मावतो. जीवशास्त्राला गणित लावणारे गणितज्ञ जेम्स मरे यांनी हे समीकरणांतून दाखवलं. २०२१ मध्ये तर मांजराच्या गर्भाच्या त्वचेत, केसांना रंग चढायच्या कितीतरी आधी, डीकेके-४ या जनुकाच्या क्रियेचा असाच आराखडा सापडला.

एवढं ऐकून मुलं हरखतात. आणि अकरावीला 'मला मेडिकलला जायचंय' म्हणत त्यांतलीच कितीतरी गणित सोडून देतात. घरचेही म्हणतात, जीवशास्त्राला गणित कशाला? मला याचं फार वाईट वाटतं.

प्रवेशाचे दिवस यायच्या आत आपण या विषयावर एक सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती. सोबत बिबट्याच्या शेपटीचा मोठा फोटो जरूर द्यावा.

– गणिताची एक शिक्षिका, जुन्नर